माशांचा जानवसा

सुरुवातीलाच सांगून टाकते, माशांचा विषाणू माणसाला लागत नाही. हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी इतक्यांदा बोलले आहे की झोपेतही बडबडते म्हणे. तरी मी कुणाच्या सोप्यात पाय ठेवला की एक तरी बाई पदर नाकाला लावतेच. म्हणून पुन्हा: लागत नाही! अंक खुशाल हातात धरा, फराळाच्या ताटाशेजारी ठेवा.

संपादकांनी मजकूर मागताना दोन अटी घातल्या. पत्रकासारखं लिहायचं नाही आणि रागवायचं नाही. पहिली अवघड आहे, कारण मला दुसरं काही लिहिताच येत नाही. माझं सगळं लेखनाचं शिक्षण अर्ध्या कागदावर झालं. वर 'जागे व्हा!', खाली 'आपले नम्र', मध्ये जमतील तितकी उद्गारचिन्हं. दुसरी अट तर अशक्यच. पण तू रागावलीस की लई मजा येते, असं लोक सांगतात, तेव्हा बघू.

काम काय करते ते आधी सांगते. शिरोळकडं पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्या. ऊस येईना, म्हणून लोकांनी तिथं तळी खणली आणि मासे सोडले. इकडं भुदरगडात, गारगोटीच्या बाजूला शेततळी झाली, त्यांतही मासे आले. बहुतेक चिलापी. काटक मासा, खादाड मासा, भराभर वाढणारा. अशा मासे पाळणाऱ्यांची आमची एक छोटी संघटना आहे. संघटना म्हणजे कोल्हापुरातली भाड्याची खोली, झेरॉक्सचं एक यंत्र आणि एकच पगारी माणूस, तो म्हणजे मी. पद प्रचारक. वाहन स्कूटी. हत्यार पत्रक.

या काटक चिलापीला एक विषाणू लागतो. लागला की मासा खायचं सोडतो, अंग काळवंडतं, डोळे बाहेर येतात. मग तो काठाला येऊन सुस्त पडून राहतो, आणि एका सकाळी तळ्यावर पांढरी पोटं तरंगायला लागतात. औषध नाही. पुन्हा लिहिते, औषध नाही! हळद नाही, कडुलिंब नाही, गोमूत्र नाही. एका गृहस्थानं तळ्यात ग्लुकोजचे पुडे ओतले होते, तेही नाही.

पण या विषाणूला पाय नसतात. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात त्याला कुणीतरी न्यावं लागतं. विकत आणलेली रोगट पिल्लं नेतात, उसनं आणलेलं ओलं जाळं नेतं, बादली नेते, चोचीतला मासा मध्येच टाकून बगळा नेतो. आणि या सगळ्यांच्या वरताण नेतो तो प्रेमळ माणूस. आपल्याकडं कुणाचं जनावर मेलं तर गाव भेटायला जातं. मासे मेले तरी जातं. चपला काढून तळ्याच्या चिखलात उभं राहतं, एकेक मेलेला मासा उचलून उलटापालटा करतं, 'लई वाईट झालं बगा' म्हणतं, चहा पितं, आणि त्याच ओल्या पायानं आपापल्या तळ्यावर जातं. पंधरा दिवसांनी पहिला गडी दुसऱ्याकडं भेटायला. बंधुभगिनींनो, याला माणुसकी म्हणतात!

आता माझे पराक्रम. पहिल्याच वर्षी एका गावातून फोन आला, 'मासं लाल पडाल्यात.' मी स्कूटी पळवत गेले. खरंच, खवल्यांच्या कडांना गुलाबी झाक, पाणीही गुलाबी. मी तिथंच बसून पत्रक लिहिलं, 'सावधान! लाल साथ आली!' रात्रीत छापलं, सकाळी तीन गावांत वाटलं. चौथ्या गावात चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्यानं पत्रक वाचलं आणि विचारलं, "पोरी, त्या गावात परवा निकाल लागला न्हवं ग्रामपंचायतीचा? निवडून आलेलं समदं त्या तळ्यातच आंघूळ करून गेलं की." जोतिबाचा नसेल इतका गुलाल त्या तळ्यात उतरला होता. मासे ठणठणीत होते. नंतर बरेच दिवस मला 'लाल साथ' असंच हाक मारायचे. मारा.

दुसरा प्रसंग हसण्यासारखा नाही, पण लिहायला हवा. लोकांना पत्रक कळत नाही म्हणून मी ठरवलं, प्रत्यक्षच दाखवायचं. एका रोगट तळ्यातला मेलेला मासा पाण्यासकट माझ्या जेवणाच्या डब्यात भरला आणि पुढच्या गावच्या सभेत नेला. 'हे बघा डोळे, हे बघा अंग.' मासा हातोहात सगळ्यांकडून फिरला. सभा संपल्यावर मी डबा धुतला. कुठं? त्याच गावच्या तळ्यात. पुढं महिन्याच्या आत त्या तळ्यावर पांढरी पोटं आली. माझ्यामुळंच आली असं सिद्ध करता येणार नाही. माझ्यामुळं नाही, असंही नाही. तो डबा मी अजून ठेवला आहे. त्यात जेवत नाही.

हे मनात ठेवून पुढचं वाचा, म्हणजे मी त्या दिवशी टेम्पोच्या मागं का उभी राहिले ते कळेल.

गारगोटीच्या पलीकडं एका गावात शोभाअक्कांचा बचत गट आहे. नऊ बायका. त्यांनी मिळून एका शेततळ्यात चिलापी सोडली तेव्हा पारावरचे पुरुष म्हणाले, "बायका मासं पाळत्यात, आता मांजरं दळाण दळतील." बायकांनी ऐकून घेतलं आणि वर्षभर मासे जपले. अक्का तर खाद्य टाकताना माशांना 'ये बाबा, खा बाबा' म्हणायच्या. उन्हाळ्याच्या तोंडाला मासे तळहातापेक्षा मोठे झाले. महिना-दीड महिन्यात पहिली मासळी निघणार होती आणि पाराचं तोंड बंद होणार होतं.

अशात सकाळी अक्कांचा फोन. "ये पत्रकबाई, आमचं व्याही वानोळा घिऊन याल्यात. जित्तं मासं! टाकी भरून! सोडताना फोटू काढाय ये."

वानोळा म्हणजे नव्या पिकातला पहिला वाटा, जो नात्यागोत्यात पाठवायचा असतो. शेंगा पाठवतात, गूळ पाठवतात. यांनी मासे पाठवले. अक्कांच्या मुलीचा साखरपुडा झाला होता, लग्न महिन्यावर होतं.

"कुठले व्याही, अक्का?"

"शिरोळचं की गं. रावसाहेब आण्णा."

मी स्कूटीची किल्ली शोधायला लागले. कारण त्याच आठवड्यात सोमवारी मी रावसाहेब आण्णांच्या तळ्यावर उभी होते. काळवंडलेले मासे काठाला सुस्त पडले होते. मी म्हणाले, "आण्णा, ही साथ आहे. तळ्यातला एकही मासा बाहेर जाऊ देऊ नका." आण्णांनी माझं पत्रक अदबीनं दोन्ही हातांनी घेतलं, वरचं 'जागे व्हा!' मोठ्यानं वाचलं, मग त्याच्यावर भडंग ओतलं आणि पत्रक माझ्यापुढं धरलं. "खावा. साथ न्हाय काय न्हाय. दाटी झालीया. गुदमराल्यात बिचारी."

कोल्हापूर ते गारगोटी मी कशी गेले ते पोलिसांनी वाचू नये. पोचले तेव्हा टेम्पो तळ्याच्या बांधाकडं मागं मागं येत होता. त्यावर निळी टाकी, टाकीला झेंडूची माळ, पुढं हलगी. आण्णा फेटा बांधून केबिनमधून उतरत होते. नऊ बायका नव्या साड्या नेसून ओळीनं उभ्या. मी स्कूटी टाकली आणि टेम्पो व बांध यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले. काय करायचं सुचेना, म्हणून जे येतं ते केलं. घोषणा दिली.

"रोगट मासे!"

कुणीच पुढचं म्हणेना. मग मीच म्हणाले, "परत न्या! परत न्या!"

हलगीवाल्यानं सवयीनं दोन ठोके दिले. घोषणाही आपली आणि प्रतिसादही आपलाच, असं आंदोलन मी त्याआधी केलं नव्हतं.

आण्णा बघत राहिले. "ही कोन?"

"सोमवारी तुमच्या तळ्यावर आले होते की!"

"हां, भडंगाच्या कागदाची पोरगी." आण्णा खुशीत आले. "बगा अक्का, हिनंच सांगिटलं, मासं काठाला पडाल्यात म्हणून. तवाच माझ्या डोक्यात आलं. आमच्याकडं पानी जड, उकाडा मरनाचा. भुदरगडची हवा थंडगार. म्हटलं, वानोळा बी हुतोय आन मास्यास्नी हवापालट बी."

"हवापालट?" मी किंचाळले. "आण्णा, मासे हवेत राहत नाहीत!"

"आगं, माणसाला गुण येतोय, मग मास्याला का यीऊ न्हाय?"

मी पत्रक काढलं. मोठ्यानं वाचायला लागले. 'विलगीकरण' या शब्दापाशी पोचले आणि बायकांच्या चेहऱ्यावरूनच कळलं की गेलं. आपल्याकडं विलगीकरण म्हटलं की लोकांना करोनातली शाळा, बाकडी आणि गार उपीट आठवतं. त्या शब्दाला कुणी दारात उभं करत नाही.

अक्कांचे मालक हळूच अक्कांजवळ सरकले. "व्याह्यास्नी न्हाय म्हनाय येत न्हाय हां. पोरगी द्याची हाय."

अक्का तळ्याकडं बघत होत्या. ते बघणं मला आठवतं. एका बाजूला लेक आणि दुसऱ्या बाजूला नऊ जणींचं वर्षभराचं जपणं, मध्ये झेंडूची माळ घातलेली टाकी. आठ बायका अक्कांकडं बघत होत्या आणि एकही तोंड उघडत नव्हती. आणि मी, जिच्याकडं तोंडाशिवाय काही नाही, तीसुद्धा गप्प झाले.

मग अक्कांनी पदर खोचला. "आण्णा, ह्यो वानोळा कुनाकडचा?"

"आमच्याकडचा."

"म्हंजे वराकडची मंडळी."

"व्हय."

"आन लगनाआधी वराकडची मंडळी थेट पोरीच्या घरात उतरत्यात का जानवशावर?"

"जानवशावर," आण्णा म्हणाले. दुसरं काय म्हणणार? वऱ्हाड नवरीच्या दारात येतं ते जानवशावरूनच, त्याला वेगळं घर, वेगळा पाहुणचार. लग्न लागेपर्यंत आत पाऊल नाही. कुणाच्या बापाला हे मोडता आलेलं नाही.

"मग तुमचं मासं बी जानवशावर ऱ्हातील. आमच्यात रीत हाय. एकवीस दिस."

अशी रीत भुदरगडात कधीही नव्हती. अक्कांनी ती त्याच क्षणी काढली. एकवीस हा आकडा तेवढा माझ्या पत्रकातला, म्हणजे अक्कांनी ते वाचलं होतं. मला रडू यायला लागलं.

आण्णा फेटा चाचपत म्हणाले, "रीत आसंल तर रीत. आमी काय रीत मोडायला आलो न्हाई."

तळ्याच्या खालच्या अंगाला, गोठ्यामागं जनावरांच्या पाण्याचा एक जुना हौद होता. तिथलं पाणी तळ्याकडं चढणार नाही, हे मी दोनदा तपासलं. हौद घासला, भरला, झेंडूची माळ त्याच्या कडेला बांधली, आणि हलगीच्या ठेक्यावर वराकडचे मासे जानवशावर उतरले. एका बाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. टाकीतलं पाणी लांब खड्ड्यात ओतलं, वर चुना. हौदासाठी वेगळी बादली, मासे काढायला वेगळं झेलणं, म्हणजे हातजाळी. त्या मंडळींचं खाणंपिणं बघायला एकाच बाईला नेमलं आणि तिला करवली म्हणायला सुरुवात झाली. करवलीनं तळ्याकडं फिरकायचं नाही.

मग अक्कांनी घंगाळ मागवलं. "आण्णा, पाय पुढं करा." माझ्या डिकीत पोटॅशियम परमँगनेट असतं, विहिरीत टाकतात ते जांभळं औषध. मी ते घंगाळात कालवलं.

"ह्ये कसलं जांभळं पानी?"

"औषिदाचं हाय," अक्का म्हणाल्या. "लांबनं आलासा. पाय दुखत आसतील."

आण्णा खूश. ड्रायव्हर, हलगीवाला, सगळ्यांचे पाय धुतले. त्या औषधानं तळवे तपकिरी होतात आणि आठवडाभर जात नाहीत, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी करवलीचा फोन आला, वराकडची मंडळी जेवेनात. सातव्या दिवशी पहिलं पांढरं पोट. दहाव्या दिवशी जानवसा रिकामा. वरच्या तळ्यात मात्र मासे उड्या मारत होते.

आता व्याह्यांना सांगायचं कुणी? पाठवलेला वानोळा दहा दिवसांत मेला, हे लग्नाच्या तोंडावर सांगणं म्हणजे अपशकुन. मालक अंथरूण धरून बसले. अक्का मला म्हणाल्या, "तू जा. तुला भांडायची सवय हाय."

मी वाटेत भाषण तयार केलं. 'आण्णा, मी सांगितलं होतं!' इथून सुरुवात. चांगलं जमलं होतं.

आण्णा बांधावर एकटेच बसले होते, बिनफेट्याचे. तळं पांढरं झालं होतं. पलीकडं पाचपंचवीस माणसं भेटायला आलेली, चिखलात उभी. मला बघून आण्णा उठले. "ये पोरी. इकडचं समदं गेलं बग." मग घाईनं, जणू तेवढंच विचारायचं होतं असं म्हणाले, "तिकडची बरी हायत न्हवं? तेवढी तरी वाचली आसतील. मी म्हटलंच मालकिणीला, हवापालट केला ते बरं केलं."

माझं भाषण कुठं गेलं कळलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं एक उद्गारचिन्ह नव्हतं.

"नाही, आण्णा," मी म्हणाले. "तीही गेली."

ते खाली बसले. मग म्हणाले, "आन अक्कांचं तळं?"

"ते बरं आहे. मासे जानवशावरच होते ना."

आण्णांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "वाचलो," ते म्हणाले. "न्हायतर व्याह्याचं तळं मीच मारलं आसतं की गं. फेटा बांधून. हलगी लावून."

मी माझ्या डब्याची गोष्ट त्यांना सांगितली. ती मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. त्यांनी ऐकली आणि शेजारची पिशवी माझ्याकडं सरकवली. भडंग होतं.

एवढ्यात पलीकडचा एक जण मेलेला मासा हातात घेऊन 'लई वाईट झालं' म्हणत चपला घालायला लागला. आण्णा जे उठले ते ओरडतच. "ये! खाली ठेव त्यो मासा! पाय धू आधी! कुठं निघालास तसाच? तुझ्या तळ्यावर? वानोळा नेतोस व्हय?" पंचवीस माणसं जागच्या जागी थिजली. माझी दोन वर्षांची पत्रकं आणि आण्णांचा एक आवाज! मी डिकीतून जांभळं औषध काढलं.

मेलेले मासे चुना टाकून पुरले, तळं उपसलं आणि उन्हात भेगा पडेपर्यंत वाळवलं. लग्न ठरल्या दिवशीच झालं. मांडवात तपकिरी तळवे बघून कोण तळ्यावरून आलंय ते ओळखू येत होतं. नवऱ्या मुलाचे पाय धुवायला घेतले तर तेही तपकिरी. वऱ्हाड शाळेत उतरलं होतं. करवलीनं दारातून मोठ्यानं विचारलं, "अक्का, ह्यास्नी बी एकवीस दिस ठेवायचं?" आणि हसून हसून मंगलाष्टकांना उशीर झाला.

लग्नपत्रिका मी जपून ठेवली आहे. खाली नेहमीची ओळ आहे, 'कृपया आहेर आणू नये'. तिच्याखाली आण्णांनी प्रेसवाल्याशी भांडून आणखी एक छापून घेतली, 'जिवंत मासळीचा वानोळा एकवीस दिवस जानवशावर उतरवावा'. शिरोळ ते गारगोटी ती घरोघर गेली आणि घरोघर वाचली गेली. माझं एवढं लेखन त्याआधी कुणी वाचलं नव्हतं. नाव माझं नाही, पण चालतंय. आता गावात गेले की लोकच विचारतात, 'पिल्लं आणल्यात, जानवशाचा हौद केवढा बांधू?' मी नव्या पत्रकातून विलगीकरण काढून टाकलं आहे.

अक्कांच्या तळ्यात जाळं पडलं त्या दिवशी पारावरचे सगळे पुरुष बांधावर होते आणि गप्प होते. मला निरोप होता, पहिला वानोळा तुझा. मी सकाळी एका तळ्यावर साथीची पाहणी करून तशीच पुढं आले होते. अक्का वर उभ्या होत्या. हातात दोन मोठ्या चिलाप्या, मेलेल्या, साफ केलेल्या, हळदमीठ लावलेल्या, माझ्याच पत्रकात गुंडाळलेल्या. मला भरून आलं. मी हात पुढं केले आणि भराभर बांध चढायला लागले.

"ये पत्रकबाई!" अक्का वरनं ओरडल्या. "थांब तितंच! पाय कुनी धुयाचं?"